येसच्या नादी लागायचं असेल तर : गोव्यातल्या नव्या श्रोत्यांसाठी

१९९४ च्या पावसाळ्यात माझ्या मामाने बहरीनहून एक कॅसेट पाठवली. मी तेव्हा फोंड्याला अकरावीत होतो. कॅसेटच्या एका बाजूवर एकच गाणं, अठरा मिनिटांचं. सुरुवातीला नुसती पाखरं आणि वाहतं पाणी, आणि मग एकदम सगळी वाद्यं अंगावर धावून आली. मी घाबरून कॅसेट काढून ठेवली. पुन्हा लावायला दोन महिने गेले, आणि त्यात काय चाललंय ते कानाला उमगायला आणखी वर्ष. तेव्हा कुणी हात धरून नेलं असतं तर ते वर्ष वाचलं असतं. तुमचं वाचावं म्हणून हे लिहितो आहे.

येस हा इंग्लंडचा बँड. गायक जॉन अँडरसन आणि बास गिटार वाजवणारा ख्रिस स्क्वायर यांनी १९६८ मध्ये लंडनला सुरू केला आणि तो अजून चालू आहे. त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, चाहत्यांच्या बोलण्यात नुसतं 'प्रॉग'. धृपद, कडवं, पुन्हा धृपद हा ठरलेला रस्ता सोडून गाणं जिथे जाईल तिथे जाऊ द्यायचं, असा तो मामला. माझ्या ओळखीतले जे जे या नादाला लागले, त्यांतला एकही परत फिरलेला नाही. पण निम्म्याहून जास्त लोक उंबऱ्यावरूनच परत जातात, आणि त्याची कारणं फार क्षुल्लक असतात.

लागणारं साहित्य

- बऱ्यापैकी इअरफोन किंवा दोन वेगळे स्पीकर. फोनचा स्पीकर चालणार नाही; त्यात स्क्वायरचा बास ऐकूच येत नाही, आणि बास गेला की अर्धा येस गेला.
- जाहिराती नसलेली स्ट्रीमिंगची वर्गणी, नाहीतर सीडी.
- एक छोटी वही.
- सलग वीस मिनिटं, ज्यात कुणी हाक मारणार नाही. यादीतली ही सगळ्यात अवघड वस्तू.

रेकॉर्ड प्लेअर लगेच घेऊ नका. त्याचं पुढे सांगतो.

१. आधी फोन ताळ्यावर आणा

'येस' एवढंच शोधलंत तर जगातलं काहीही समोर येईल. अल्बमचं नाव टाका: 'फ्रॅजाइल' किंवा 'क्लोज टू द एज'. शफल बंद करा. एका गाण्याचं शेपूट दुसऱ्यात मिसळणारा क्रॉसफेड शून्यावर आणा. मग गाण्याची लांबी बघा. 'राउंडअबाउट' हे गाणं मुळात साडेआठ मिनिटांचं आहे, पण रेडिओसाठी ते कापून साडेतीन मिनिटांचं केलं होतं आणि तो तुकडाही सगळीकडे फिरत असतो. तुकडा ऐकून "बरं आहे" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांनी ते गाणं ऐकलेलंच नसतं.

जुन्या अल्बमांची स्टीव्हन विल्सन या इंग्लिश संगीतकाराने नव्याने केलेली मिक्सही, म्हणजे वाद्यांचे आवाज पुन्हा जुळवलेल्या आवृत्त्याही मिळतात. ती सुरेख आहेत, पण आधी मूळ ऐका. लोकांनी ज्याच्यावर पन्नास वर्षं जीव लावला, ते मूळ आहे.

२. पहिला महिना

सुरुवात 'राउंडअबाउट'ने करा. १९७१ चं गाणं. एक सूर दुरून फुगत येतो, तो पियानोचा उलटा फिरवलेला आवाज आहे, आणि त्यातून स्टीव्ह हाउची गिटार हळूच बाहेर पडते. मग बास येतो. पहिले चार दिवस फक्त बास ऐका, बाकीकडे कान देऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात 'द येस अल्बम', तोही १९७१ चाच. तिसऱ्या आठवड्यात 'अँड यू अँड आय', दहा मिनिटांचं, बारा तारांच्या गिटारवर उघडणारं. माझ्या बायकोला प्रॉगचा आवाज सोसत नसे. या एका गाण्याने ती आत आली.

दोन चुका टाळा. पहिली म्हणजे १९७३ च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'पासून सुरुवात करणं. चार बाजू, चार गाणी, ऐंशी मिनिटांच्या घरात. पोहायला शिकणाऱ्याने जुलैच्या मांडवीत उडी टाकू नये. दुसरी म्हणजे 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' ऐकून बँड कळला असं समजणं. ते गाणं जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तिथलं त्यांचं पहिल्या क्रमांकाचं ते एकमेव गाणं. मला ते आवडतं. पण त्या दारातून आलेल्याला मागची घरं दिसत नाहीत.

३. मोठं गाणं कसं ऐकायचं

इथे आपली बाजू भक्कम आहे, हे आधी ध्यानात घ्या. ज्या मातीत विलंबित ख्याल तासभर ऐकला जातो, तिथल्या माणसाला अठरा मिनिटांची भीती का वाटावी? केरीच्या केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेली, ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत तेवढंच मावत असे. मैफलीतल्या केसरबाई त्यात मावणाऱ्या नव्हत्या. १९४८ मध्ये लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. येसने ती बाजू एका गाण्यासाठी घेतली. मोठ्या गाण्यांची लांबी अठरा ते बावीस मिनिटांच्या आसपास का, याचं उत्तर त्या प्लॅस्टिकच्या थाळीत आहे.

माझ्या कॅसेटवरचं ते गाणं म्हणजे 'क्लोज टू द एज', त्याच नावाच्या १९७२ च्या अल्बममधलं. ते चार भागांचं आहे. ते तीन वेळा असं ऐका:

पहिल्यांदा काहीच करू नका. गोंगाट वाटला तर वाटू द्या. साडेआठाव्या मिनिटाच्या सुमाराला सगळं शांत होतं, तिथपर्यंत पोचणं एवढंच पहिल्या दिवसाचं काम.

दुसऱ्यांदा त्या शांत भागापासून सुरू करा. पाण्याचे थेंब पडल्यासारखे सूर, वर दोन-तीन आवाज एकमेकांत गुंतलेले. बाराव्या मिनिटाच्या आसपास चर्चचा ऑर्गन उघडतो. तो खराखुरा आहे, लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला, रिक वेकमनने वाजवलेला. रविवारी सकाळी मडगावच्या चर्चवरून जाताना ज्यांनी आतला कॉयर ऐकला आहे, त्यांना ही जागा ओळखीची वाटेल.

तिसऱ्यांदा पहिल्यापासून, वही घेऊन. एखादी चाल पुन्हा आली की वेळ टिपा. दहा-बारा नोंदी झाल्या की लक्षात येतं की अंगावर धावून आलेल्या त्या गर्दीतच पुढचं सगळं पेरलेलं होतं. मला हे कळलं तो दिवस मी विसरलेलो नाही. चवथीच्या आदल्या दिवशीची दुपार, घरात माटोळी बांधायची लगबग, आणि मी आतल्या खोलीत वॉकमन लावून भिंतीला टेकून बसलेलो.

४. मात्रा मोजा

नवे लोक म्हणतात, "ठेकाच सापडत नाही." सापडतो, तो चारचा नसतो एवढंच. रूपकाच्या सात मात्रा आणि झपतालाच्या दहा ज्याच्या हाताला माहीत आहेत, त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

'सायबेरियन खात्रू' लावा. गिटारची मुख्य चाल आठ आणि सात अशी मोजून बघा. मी हे गाणं माझ्या तबल्याच्या मास्तरांना ऐकवलं होतं. त्यांना इंग्रजी गाण्यांत काडीचा रस नव्हता. डोळे मिटून मांडीवर हात मारत राहिले, तिसऱ्या आवर्तनाला म्हणाले, "पंधरा." मग थोडं थांबून, "सवारी नव्हे ही. पण पोरं हिशेबाला पक्की आहेत." पंचम सवारीच्याही पंधराच मात्रा, वाटणी मात्र वेगळी. ते गाणं त्यांनी आणखी दोनदा लावायला सांगितलं.

मोजताना मोठ्याने मोजा, बोट टेबलावर आपटा. 'क्लोज टू द एज'ची पहिली तीन मिनिटं मात्र मोजायला जाऊ नका. तिथे दोन वाद्यं दोन हिशेबांनी चालतात, नव्या माणसाचं डोकं फिरतं.

५. शब्दांचा अर्थ लावत बसू नका

अँडरसन शब्द पुष्कळदा नादासाठी निवडतो, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. तराण्यातल्या 'तनोम, दिर दिर'चा अर्थ आपण विचारत नाही, इथेही सुरुवातीला विचारू नका.

पण मागची प्रेरणा जाणून घ्यायला हरकत नाही, कारण ती पुन्हा पुन्हा आपल्याकडे येते. 'क्लोज टू द एज'च्या मागे हरमन हेसची 'सिद्धार्थ' ही कादंबरी आहे, नदीकाठी बसून नदी ऐकणाऱ्या माणसाची. 'टेल्स'च्या चार बाजू परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचल्या, श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र या शास्त्रांच्या चार वर्गांवरची ती तळटीप. एका तळटीपेवर ऐंशी मिनिटं! त्या अल्बमवर चाहत्यांत आजही दोन तट आहेत. वेकमनलाही तो पटला नाही आणि १९७४ मध्ये तो बँड सोडून गेला. माझं मत विचाराल तर पहिली आणि चौथी बाजू पोटाशी धरण्यासारखी आहे, मधल्या दोन धीराने घ्याव्या लागतात.

६. कोण आलं, कोण गेलं

नव्या माणसाची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. म्हणून जरा सविस्तर.

'क्लोज टू द एज' रेकॉर्ड झाल्याबरोबर ड्रमर बिल ब्रुफर्ड किंग क्रिम्सन या दुसऱ्या बँडमध्ये गेला. दौरा तोंडावर होता. अ‍ॅलन व्हाइटने तीन दिवसांत सगळा कार्यक्रम बसवला, आणि मग तो जवळजवळ पन्नास वर्षं राहिला. वेकमन गेला, आला, पुन्हा गेला. १९७६ मध्ये परतला तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये 'अवेकन' या गाण्यासाठी त्याने व्हेव्हे गावच्या चर्चमधला ऑर्गन वाजवला आणि तो आवाज टेलिफोनच्या तारांवरून माँत्र्यूच्या स्टुडिओत आणला. १९८० मध्ये अँडरसन आणि वेकमन दोघेही नव्हते, तेव्हा 'बगल्स' या पॉप जोडीतले ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स आत आले. १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा ट्रेव्हर रेबिन आला आणि आवाजच पालटला. १९९१ मध्ये जुने-नवे मिळून आठ जण एका मंचावर उभे राहिले.

२००८ मध्ये अँडरसन आजारी पडला. त्याच्या जागी आलेला बेन्वा दाविद येसचीच गाणी गाणाऱ्या चाहत्यांच्या बँडमधला गायक होता. २०१२ पासून गाणारा जॉन डेव्हिसनही आधी अशाच एका बँडमध्ये येस गात असे. म्हणजे दोनदा असं झालं, की खाली बसून ऐकणारा माणूस उठून मंचाच्या मध्यभागी गेला. येसच्या चाहत्यांचा जीव कुठे गुंतलाय ते मला यात दिसतं.

२७ जून २०१५ ला स्क्वायर गेला. तोवरच्या प्रत्येक अल्बमवर असलेला तो एकटाच. जाण्याआधी त्याने आपली जागा बिली शेरवुडला सांभाळायला सांगितली. २६ मे २०२२ ला व्हाइट गेला. आज १९६८ च्या पाचांपैकी बँडमध्ये कुणीही नाही. सर्वांत जुना आहे तो हाउ, १९७० मध्ये आलेला. २०२३ मध्ये त्यांनी 'मिरर टू द स्काय' हा नवा अल्बम काढला.

मग हा तोच बँड का? हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, आणि जुने चाहते त्यावरून हमरीतुमरीवर येतात. मी वास्कोच्या दामोदर सप्ताहाकडे बोट दाखवतो. चोवीस तास भजन चालतं. पहाटे तीनला गाणारे दुपारी गाणाऱ्यांतले नसतात, पखवाजावरचे हात कितीदा बदललेले असतात. पण सूर खाली ठेवलेला नसतो, आणि सप्ताह कुणाचा असं कोणी विचारत नाही. अँडरसनशिवाय येस नाही असं म्हणणाऱ्यांचं दुःख मला समजतं, त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी तो आवाज तरुणपणी ऐकला आहे.

७. रेकॉर्ड घ्यायची असेल तर

सहा महिने ऐकून झाल्यावरच घ्या. रॉजर डीनची तरंगत्या बेटांची चित्रं बारा इंची कव्हरवर बघणं हा वेगळाच आनंद आहे, ते मी नाकारत नाही. पण गोव्यात रेकॉर्ड सांभाळणं म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बुरशीशी दोन हात.

कपाट बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका. ती भिंत पावसाळाभर पाणी पिते. रेकॉर्डी उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर वाकतात. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की बदला. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल पुसायचं. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत रेकॉर्ड ठेवून बाजारात जाऊ नका. 'रिलेयर'ची माझी पहिली प्रत अशीच पापडासारखी झाली.

घरात आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटने पुसल्या तर वरचा थर विरघळतो. आणि एलपीची सुई त्यांच्यावर चालवू नका, त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते.

जुनी रेकॉर्ड घेताना आतली थाळी बाहेर काढून उजेडात तिरकी धरून बघा. 'येससाँग्ज' हा १९७३ चा प्रत्यक्ष कार्यक्रमांचा अल्बम तीन थाळ्यांचा आहे. तिन्ही आहेत का ते मोजून घ्या. मला एका विक्रेत्याने दोनच दिल्या होत्या, घरी आल्यावर कळलं.

परदेशातून मागवलीत तर कस्टम ड्युटी वेगळी भरावी लागते आणि कुरियरवाले ओळखपत्र मागतात, तेव्हा आधार किंवा पासपोर्टची प्रत तयार ठेवा. पत्त्यात घर क्रमांक, वाडा आणि जवळची खूण घाला. प्लेअरला स्टॅबिलायझर लावा, आणि मेअखेरचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढा.

८. बैठक भरवा

एकट्याने ऐकून प्रेम जडतं, टिकतं ते चौघांत. आमची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सोप्यावर भरते. नियम थोडे आहेत. एका बैठकीला एकच बाजू. गाणं चालू असताना बोलायचं नाही, फोन आतल्या खोलीत. संपल्यावर दोन मिनिटं गप्प, मग चहा, उंडो आणि पातळभाजी. मग बोलणं, हवं तितकं. शेवटी तीच बाजू पुन्हा.

वेळ संध्याकाळी साडेसहाची ठेवा. रात्री दहानंतर ध्वनिप्रदूषणाचे नियम कडक आहेत, आणि नियम नसते तरी शेजाऱ्यांचा विचार करावाच. आमच्या शेजारच्या आजी पहिल्या वर्षी तक्रार करायला आल्या होत्या. आता 'अँड यू अँड आय' असेल तेव्हा खुर्ची घेऊन येतात.

नव्या माणसाला परीक्षेला बसवू नका. "हा ड्रमर कोण सांग बघू" असलं विचारलंत की तो पुढच्या वेळी येत नाही.

९. प्रत्यक्ष ऐकायला जायचं असेल तर

मी एकदाच गेलो, जून २०२२ मध्ये, इंग्लंडला. पन्नास वर्षं झाली म्हणून त्या दौऱ्यात अख्खा 'क्लोज टू द एज' वाजवत होते. त्यासाठी लागलेली कागदपत्रं:

- किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं
- कामावरून रजा मंजूर झाल्याचं पत्र
- कार्यक्रमाचं तिकीट, राहण्याचं बुकिंग, प्रवास विमा

ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. पहिल्याच आठवड्यात करा. मी उशीर केला आणि पासपोर्ट हातात पडला तो विमानाच्या चार दिवस आधी. विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा, कारण दौरे पुढे ढकलले जातात. आणि मंचावर कोण आहे ते तिकीट काढण्याआधी नीट वाचा. अँडरसनही स्वतःच्या बँडबरोबर येसची गाणी गात फिरतो, नावं सारखी दिसतात.

मी पोचलो तेव्हा अ‍ॅलन व्हाइटला जाऊन महिनाही झाला नव्हता. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते, १९७२ पासून ऐकणारे. कुठून आलात विचारलं, मी गोवा सांगितलं, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मधल्या शांत भागात त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि शेवटपर्यंत पुन्हा घातला नाही.

सभागृहात अर्धा तास आधी जाऊन बसा. टी-शर्ट घ्यायचा तर तेव्हाच घ्या, नंतर रांग लागते आणि आपल्या मापाचे संपलेले असतात.